ब्राइसची मान

१४ जानेवारी, मंगळवार
संघातून काढलं. स्कॉटलंडसाठी रग्बीचे वीस सामने खेळलो, तीनदा नाक मोडून घेतलं, आणि निवड समितीचं पत्र दोन ओळींचं!
माझ्या जागी ब्राइस. आमच्याच जेडबरा गावच्या क्लबचा, तेवीस वर्षांचा. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना रेटतात त्यात, पहिल्या रांगेत डोकं कुठे घालायचं, खांदा कसा लावायचा – सगळं मीच शिकवलेलं.
एल्स्पेथ पत्र वाचून म्हणाली, "चला, गोठ्याचं छप्पर तरी होईल आता." बायकोला काय, छप्पर. मी परत येणार. चौतीस म्हणजे काही म्हातारपण नाही.

१८ जानेवारी
टीव्हीवर वेल्सचा सामना पाहिला. ब्राइस चांगला खेळला. मी जास्त चांगला खेळलो असतो. फुशारकी नाही, जे दिसलं ते लिहितोय.

२१ जानेवारी
दिवसभर टेकडीवर दगडी कुंपण रचलं. तरी संध्याकाळी सरावात ब्राइसला दोनदा मागे रेटलं. "म्हाताऱ्या, बायको जेवायला वाढते की खडी?" ब्राइस ओरडला. सगळे हसले. मीही.
मग बाकीचे गेल्यावर बूट सोडता सोडता म्हणाला, वेल्सच्या सामन्यापासून उजव्या हाताला मुंग्या येतायत. चहाचा कप धरवत नाही. "कुणाला बोलू नकोस. इंग्लंडचा सामना झाला की दाखवतो."
बोलणार नाही म्हटलं.

२३ जानेवारी
शेजारच्या गावात एक जण आहे. माझ्याच वयाचा, माझ्याच जागी खेळायचा. त्यालाही आधी हाताला मुंग्याच यायच्या. मग स्क्रम कोसळला, सोळा जणांचा भार मानेवर आला. आता खिडकीशी बसून असतो. बायको घास भरवते.

२८ जानेवारी
मेंढ्यांच्या बाजारात ब्राइसला गाठलं. डॉक्टरकडे चल म्हटलं.
"तुला तुझी जागा हवीय."
"हवीच आहे. पण म्हणून नाही सांगत."
"मग गप्प बस."

३० जानेवारी
नाही बसलो गप्प. सकाळी संघाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ब्राइसला लगेच थांबवलं. मानेचा मोठा फोटो काढायचा, एमआरआय, एडिनबऱ्याला. नंबर तीन आठवड्यांनी.
संध्याकाळी समितीचा फोन. "इनिस, तयार आहेस?"
मी तयारच असतो.

१ फेब्रुवारी
बेकरीत ब्राइसची आई पुढे उभी होती. वळून म्हणाली, "छान जमवलंस हो, इनिस." पाव न घेताच गेली. मी माझे पाव घेतले, पैसे दिले, घरी आलो. जे बरोबर होतं तेच केलंय. उद्या पुन्हा तेच करीन.

१५ फेब्रुवारी, शनिवार
इंग्लंडला हरवलं. तीन गुणांनी!
शेवटची चार मिनिटं. आमच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर त्यांचा स्क्रम. माझ्यासमोरचा माझ्याहून वीस किलोंनी जड. पहिल्या धक्क्याला मी वाकलो, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला तो मागे सरकला – पायाखालची माती फाटल्याचा आवाज ऐकला मी. चेंडू आमच्याकडे आला.
कप्तान म्हणाला, "इनिस, तू कुठे होतास इतके दिवस?"
"कुंपण बांधत होतो."

१६ फेब्रुवारी
कान सुजलाय, बरगड्या दुखतायत. झकास वाटतंय.

२२ फेब्रुवारी
ब्राइस टेकडीवर आला, हातात मानेचा फोटो. गंभीर काही निघालं नाही. नस आखडली होती, आता हात ठीक आहे. भांडला नाही. एवढंच विचारलं – "माझ्या जागी तू नाही, ग्लासगोचा कुणी जाणार असता, तरी फोन केला असतास?"
"हो," म्हणालो.
तो गेला. मी तासभर कुंपणापाशी उभा. एकही दगड लावला नाही. खरं उत्तर मला माहीत नाही.