उताराविरुद्ध

८ ऑक्टोबर १९२२

आज जत्रेत बोललो. घसा बसलाय, पण काय दिवस! विएल्याचा चौक पार नदीच्या काठापर्यंत भरला होता. गुरं विकायला आलेले लोक सौदे सोडून ऐकत उभे!

मी त्यांना आपला डोंगर समजावून सांगितला. पिरिनीजची धार आपल्या दक्षिणेला. सगळा स्पेन तिच्या पलीकडे, आणि आपली ही एकटी दरी अलीकडे, उत्तरेच्या उतारावर. गरोना नदी इथे उगवते आणि थेट फ्रान्समध्ये उतरते. मीठ, कापड, औषध सगळं नदीच्या वाटेने वर येतं. हिवाळ्यात घाट बंद झाला की मायदेश फक्त नकाशात! म्हणून डोंगराखालून बोगदा हवा. पण आपण खाली जाऊन गरजा भागवत राहिलो, तर माद्रिदला बोगदा कशाला सुचेल? "माणूस म्हणजे पाणी नव्हे, उतार दिसला की वाहत सुटायला!" — यावर टोप्या उडाल्या.

मग शपथ. बोगद्याचं काम सुरू होईपर्यंत सीमेवरचा राजाचा पूल कोणी ओलांडायचा नाही. गर्दीतून एक बाई ओरडली, "आणि डॉक्टर लागला तर?"

"दुखणंही आपल्याच देशात सोसू!"

काय टाळ्या पडल्या! सगळ्यांत आधी हात वर केला तो आर्नाउने, माझ्या धाकट्या भावाने. ऊर भरून आला.

२ डिसेंबर

घाट बंद झाला. शेवटची खेचरं काल उतरली. आता मे महिन्यापर्यंत पलीकडचं कोणी येणार नाही. दरीतला एकुलता एक डॉक्टर, विएल्याचा म्हातारा, वारला; त्याच्या जागी नेमलेला नवा माणूसही घाट उघडल्यावरच.

सबिना, आर्नाउची बायको, रस्स्याला कोबी चिरत बसली होती. सातवा सरून आठवा लागलाय तिला. म्हणाली, "भावोजी, तुमचं जत्रेतलं भाषण पोटातल्यानेही ऐकलं हं. केवढी लाथ मारली!"

"टाळी असेल ती."

"टाळी कुठली! म्हणत असेल, काकांना आवरा."

आई हसली. मीही हसलो.

१४ जानेवारी १९२३

लोइझा सुईण सबिनाला तपासून गेली. दिवस भरायला अजून अवकाश आहे, पण पोट खाली आलंय. मूल आडवं आहे. वरून फिरवून पाहिलं, फिरलं नाही. "कळा सुरू व्हायच्या आत डॉक्टरकडे न्या. नंतर माझे हात पुरे पडायचे नाहीत."

कुठल्या डॉक्टरकडे, ते ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. नदीने खाली, पुलापलीकडे फ्रान्समधलं सें-बेआ. बर्फावरच्या घसरगाडीला घोडी जोडली तर दिवस मावळायच्या आत पोचता येतं.

चुलीपाशी बसलो होतो. आर्नाउ माझ्याकडे बघत होता. मी विस्तवाकडे.

१५ जानेवारी

आर्नाउ घाटाकडे गेला!

सकाळी पायांना बर्फावर चालायच्या जाळ्या बांधल्या, पाव आणि चीज कमरेला. म्हणाला, "दादा, मी शपथ घेतलीये. डोंगर ओलांडून विलयेरचा डॉक्टर आणतो. आपल्याच देशातला. बरोबर आहे ना?"

आई म्हणाली, "जानेवारीत त्या घाटात बकरं जात नाही, आणि हा डॉक्टर घेऊन येतोय!"

मी काय म्हणायला हवं होतं? शपथ गेली खड्ड्यात, जोड घोडी! एवढंच. भर चौकात हजारो माणसांसमोर ज्याची जीभ अडत नाही तो मी — म्हणालो, "बरोबर आहे."

आणि खरं लिहायचं तर, म्हणताना छाती फुगली. पुढच्या सभेत हे सांगता येईल असं मनात येऊन गेलं. लिहिताना माझीच किळस येतेय. खोडणार नाही.

१६ जानेवारी

वादळ. डोंगर दिसतच नाही.

दिवसभर पुस्तकं चाळली. स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या गोष्टींनी कपाट भरलंय. कुठेच एखाद्या बाळंतिणीचं नाव नाही. इतकी वर्षं वाचतोय, आज लक्षात आलं.

१७ जानेवारी, सें-बेआ

पहाटे कळा सुरू झाल्या. मी खाली आलो तर आई घोडी जोडत होती.

"आई, थांब जरा. आर्नाउ येईल—"

"तू बोलत बस. तुला कोण अडवतंय? माझी सून मी नेते."

सबिनाला कांबळ्यात गुंडाळून घसरगाडीत निजवलं. दातांत फडकं. ते काढून म्हणाली, "चला की भावोजी. का अजून भाषण उरलंय?"

घोडीचा लगाम धरून चाललो. पुढचं लिहायला हात धजत नाही. गाव आलं की मी टोपी डोळ्यांवर ओढत होतो. मागे ती कण्हतेय, आणि मी खिडक्या बघतोय! कोण बघतंय? काय म्हणतील? रस्ताभर हेच. तिच्यापेक्षा मला माझीच काळजी. घोडीलासुद्धा माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, ती हाकलल्याशिवाय धावत होती.

राजाच्या पुलावर फ्रेंच शिपायाने नावही विचारलं नाही. "आणखी एक! जा, डॉक्टर घरीच आहे." आणखी एक म्हणजे काय, ते कळलं नाही.

१८ जानेवारी

मुलगी झाली. डॉक्टर लाफोर्गने सबिनाला भूल दिली, आत हात घालून मूल फिरवलं आणि पायांकडून काढलं. मुलगी रडली. सबिनाला ताप आहे, पण जगेल म्हणाला. अजून एक दिवस उशीर झाला असता तर? विचारायचं धैर्य झालं नाही.

बाहेर बाकांवर रोगी बसले होते. बघतो तो सगळे आमच्याच दरीतले! गिरणीवाला गिलेम, गाल सुजलेला. जत्रेत माझा मंच याने स्वतःच्या खांद्यावरून आणला होता. मला बघून टोपी काढून उभा राहिला.

"बेर्नात... दाढ रे. अगदीच असह्य झाली म्हणून."

शेजारची म्हातारी फिसकन हसली. "दर पंधरवड्याला असह्य होते त्याची दाढ! लपवतोस कशाला? आम्ही सगळेच येतो, बाबा."

"मग हात का वर केले होते?"

"तू किती छान बोलत होतास! मध्ये मोडता कोण घालणार? आम्हाला वाटलं, तुलाही ठाऊक असेल. सभा ती सभा, आणि दुखणं ते दुखणं."

त्यांचा राग यावा असं फार वाटलं. आला नाही. ते बिचारे माझ्यासाठी जागा करून सरकून बसत होते.

अख्ख्या दरीत माझं बोलणं खरं मानलं ते एकट्या आर्नाउने.

१९ जानेवारी

त्याची काही खबर नाही. सबिना विचारते, "आले का?" मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो. पुतणीचं तोंड अजून पाहिलेलं नाही. कुठल्या तोंडाने पाहू?

२० जानेवारी

आर्नाउ जिवंत आहे! घाटावरच्या तारा बर्फाने तुटल्यात, म्हणून त्याने तारेने धाडलेला निरोप विलयेरहून बार्सिलोना, तिथून तुलूज, असा सबंध डोंगराला वळसा घालून इथे आला. आमच्यापैकी कोणाच्या नावाने नाही. डॉक्टर लाफोर्गच्या. त्याने तो आई आणि सबिनासमोर मोठ्याने वाचला:

"इथला डॉक्टर घाट चढत नाही. माझी बायको अडली आहे. तुम्ही वर आमच्या घरी जा. माझ्या भावाला विचारू नका."