पापाकुराला झालेला उशीर

मी, फादर बस्त्याव घोन्साल्विस, वय एकाहत्तर, मूळचा वसईचा, हल्ली मुक्काम पापाकुरा, ऑकलंड, लिहून ठेवतो की माझ्या यकृताचा कर्करोग पसरला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझ्यामागची व्यवस्था शेजारी चंद्रहास केतकर यांनी पाहावी. ते चर्चला येत नाहीत, पण प्रत्येक केमोला त्यांनीच मला गाडीतून नेले.

२. जुनी कोरोला इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या सिस्टरांना द्यावी. दुसरा गिअर अडतो. मराठी गीतांचे पुस्तक आमच्या चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख मधू परेरा याला. नाताळात "बाकीच्यांना कळत नाही" म्हणून मराठी गीत त्यानेच काढून टाकले होते. माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तरी पुस्तक त्यालाच द्यावे.

३. मी चौदा वर्षांचा असताना वडील गेले. आमचे धर्मगुरू चिखल तुडवत आले आणि शेवटपर्यंत बाबांचा हात धरून बसले. मला पाचारण झाले ते तिथे. हेच काम आपण करायचे, असे मी ठरवले.

ऑगस्ट २०११ मधल्या एका रविवारी मी बॉटनी डाउन्सला बिशपांबरोबर जेवायला बसलो होतो; चर्चमधली दमयंती वाढत होती. मोठे धर्मग्राम, म्हणजे मोठी पॅरिश, मला मिळेल अशी कुजबुज होती. दीड वाजता पापाकुराहून शकु साळवे यांचा फोन आला; त्यांचा नवरा रमण बरेच दिवस अंथरुणावर होता. "फादर, रमण जातोय. शेवटच्या संस्काराचं तेल घेऊन लवकर या."

"निघालोच," असे म्हणून मी परत टेबलाशी बसलो. बिशप माझ्या प्रवचनाचे कौतुक करत होते. पावणेतीनला निघालो. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. पोहोचलो तेव्हा रमणचे डोळे मिटलेले होते.

शकुबाई म्हणाल्या, "आता तेल कशाला आणलंत?"

मी म्हणालो, "मोटरवेवर अपघात झाला होता. हेवी ट्रॅफिक."

अपघात झाला नव्हता. लोकांनी उलट माझेच सांत्वन केले. मोठे धर्मग्राम मला मिळाले. वर्षभरात ते सोडून मी इस्पितळाचे काम मागून घेतले. पापनिवेदन केले, क्षमाही मिळाली, पण शकुबाईंना सांगितले नाही. त्यांनी चर्च सोडले. दर महिन्याला मी त्यांच्या घरी जायचो. त्या चहा करायच्या, मी हवापाण्यावर बोलायचो.

गेल्या मंगळवारी सांगितले. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. दमयंती तुम्हाला वाढत होती ना त्या दिवशी. तिनंच सांगितलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून चहा करत होते." त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला. मग म्हणाल्या, "आता जा, फादर."

शकुबाईंना मी काहीही ठेवत नाही. द्यायचे एकच होते. ते द्यायला मी सात वर्षे लावली.

४. पुतणी मेर्सी हिला माझा प्रार्थनाग्रंथ. मेर्सी, कॉन्व्हेंटमध्ये जाण्याआधी तू विचारलेस, पवित्र कसे व्हायचे? मी झालो नाही, म्हणून चुकले कुठे तेवढेच सांगतो. कोणी बोलावले की ऊठ, ताटावरून ऊठ. जिथे आपले कौतुक चालले असेल तिथून आधी नीघ. खोटे बोललीस तर त्याच दिवशी मागे जा. दुसऱ्या दिवशी ते जड होते, आणि वर्षाने आपण त्याला स्वभाव म्हणू लागतो. प्रार्थना कोरडी वाटली तरी सोडू नकोस. माझी बहुतेक कोरडीच होती.

५. माझ्या दफनाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गुणगान नको. तिसरे कलम मराठीत आणि इंग्रजीत वाचावे. शकुबाईंना या म्हणून सांगायला कोणी जाऊ नये.

सही: फा. बस्त्याव घोन्साल्विस
पापाकुरा, १४ मे २०१८

आम्हा दोघींदेखत फादरांनी हे वाचून सही केली. तिसऱ्या कलमापाशी दोनदा थांबले. शकुबाईंना फोन लावू का, असे विचारल्यावर "नको, त्यांनी खूप वाट पाहिली" एवढेच म्हणाले.

साक्षीदार:
१. मृदुला केतकर, शेजारीण
२. सरिता कांबळे, परिचारिका