ताईच्या रुखवतातली चादर

मोंतेरूसो,
२१ सप्टेंबर १९९३

प्रिय सारिनाताई,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो मिळाले. आईचे गुडघे तसेच आहेत, जीभही तशीच. फोटो बघून म्हणाली, "जर्मनीत पोरांना जेवायला घालत नाहीत वाटतं." यंदाचा टोमॅटोचा रस बाटल्यांत भरून झाला. नाताळला तुम्ही येणार म्हणून तिने तुझ्या खोलीतल्या गाद्या आत्तापासूनच उन्हात घातल्या आहेत. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी रविवारच्या मिरवणुकीचं सांगते.

दरवर्षी आपल्या संताची पालखी डॉन कोसिमोच्या सज्जापुढे थांबते आणि वाहणारे ती पुढे झुकवतात, हे तुला माहीतच आहे. गावच्या विहिरी बळकावल्याच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून ज्याने मिकेलेला त्याच्याच दारात मारलं, त्याला संतानेही मुजरा करायचा. यंदा मिकेलेच्या बायकोने, निन्फाने, आम्हा काहीजणींना गोळा केलं. आम्ही एका चादरीवर मिकेलेचा चेहरा रंगवला आणि खाली लिहिलं, 'मी गावासाठी पाणी मागितलं होतं.' डॉनच्या समोरच्या रिकाम्या घरात लपून बसलो. पालखी थांबल्याबरोबर चादर खिडकीतून खाली सोडली आणि मागच्या दाराने पळून गर्दीत मिसळलो.

बँड थांबला. वाहणारे तसेच उभे. मग पुढचे दोघे वळले, मागच्यांना वळावंच लागलं, आणि संताची पालखी चादरीवरच्या मिकेलेपुढे झुकली. म्हाताऱ्या बायका रस्त्यातच गुडघ्यांवर बसल्या. मी रडत होते आणि हसतही होते. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

आता खरं ते सांगते. चादर तुझी होती.

माझ्या सगळ्या वापरून विरल्यात. तुझ्या रुखवतातली पेटीत कोरी पडली होती. घाईत कोपऱ्याकडे लक्ष गेलं नाही, असं मी निन्फाला सांगितलं. लक्ष गेलं होतं, ताई. रंगाखाली तिथली तुझ्या नावाची भरलेली अक्षरं बुजतील असं वाटलं.

काल डॉनची बायको, फिलिपाबाई, घरी आली. हातात ती चादर, धुतलेली, कडक इस्त्री केलेली. मिकेलेचा एक डोळा अजून फिकट दिसत होता. तिने कोपरा उलगडला.

"हे भरतकाम तुझ्या आईच्या हातचं. गावात कुणीही ओळखेल. आणि अक्षरं सारिनाची."

मी कॉफी ठेवली. तिने साखर आणखी एक चमचा मागून घेतली.

"तिकडे जाऊन शहाणी झालीय ती. हे डोकं तिचंच. तू कसली करतेस, तू तर उंदराला घाबरणारी." मग अगदी मायेने म्हणाली, "कधी येतेय? मुलंही असतील ना बरोबर? आमचे हे विचारत होते."

मी 'नाही, हे माझं काम' असं म्हणायला हवं होतं. मी 'नाताळला' म्हटलं.

ती गेल्यापासून मी दाराला आतून कडी लावून बसलेय. जिन्यात पाऊल वाजलं की दिवा बंद करते.

तेव्हा येऊ नकोस. आईला मी सांगेन की तुला सुट्टी मिळत नाही. ती तुला चार शिव्या घालेल, घालू दे. उद्या सकाळी हे पत्र टाकून मी तशीच फिलिपाबाईकडे जाणार आहे. चादर मी काढली, मी रंगवली, सारिनाला यातलं काही ठाऊक नाही, असं सांगणार आहे. बाकीच्यांची नावं काही झालं तरी सांगणार नाही. निन्फा सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिच्या घरातून एक माणूस गेलाय तेवढा पुरे.

त्यानंतर माझं पत्र आलं नाही तर आईला तिकडे घेऊन जा. ती नाही म्हणेल. तरी ने.

मुलांना माझे पापे दे.

एक दिवस तुझ्या नावाआड लपलेली,
तुझी धाकटी,
नुन्झिया