हेल्मीच्या हाती जाळे देऊ नये

मी, आइली मार्गारेटा कांगास, कै. व्हेइक्को कांगास यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार कोइवुला, सुपीरियर सरोवराचा उत्तर काठ, ओंटारियो, डोके ठिकाणावर असताना हे माझे मृत्युपत्र टाइप करत आहे. डोके ठिकाणावर असल्याबद्दल माझ्या नणंदेचे मत वेगळे आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर कोणाला तो आणता आलेलाही नाही.

कलम १. घर आणि त्यामागची जमीन माझा मुलगा रेइनो याला मिळावी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्याचेच. तो टोरांटोला राहतो, तेव्हा घर विकणार हे उघड आहे. खुशाल विकावे, फक्त माझ्या शेगडीला नावे ठेवणाऱ्या माणसाला विकू नये.

कलम २. पाण्याखालचे मासे दाखवणारा जो यंत्राचा पडदा रेइनोने मला वाढदिवसाला दिला, तो त्याचा त्याला परत. तो एकदाच होडीवर लावला होता. रेइनो सकाळभर ओरडत होता, "आई, बघ, बरोबर खाली सात मासे आहेत!" दुपारपर्यंत एकही लागला नाही. मी म्हटले, "मग आता पडदाच तळून खा." तेव्हापासून तो मासेमारीला आलेला नाही.

कलम ३. व्हेइक्कोंनी स्वयंपाकघरात शिसे वितळवून ओतलेले गळ डेल मोरो या दुकानदाराला द्यायचे होते. परंतु डेल या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला दिलेले काहीही कायद्याने त्याच्या पदरात पडत नाही. हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला. तरी कॉफीचा दुसरा कप त्याने सोडला नाही. गळ चर्चच्या विक्रीत द्यावेत. शिसे वितळवण्याचे पातेले मात्र फेकून द्यावे. त्यात कोणी रस्सा करू नये.

कलम ४. होडी. चौदा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, डाव्या बाजूला पोचा आलेली. हे कलम लांबणार आहे, डेलने घड्याळ बघू नये.

आमच्या काठासमोर पाण्याखाली एक टेकडी आहे. चहूकडे खोल आणि मध्येच हा उंचवटा. ट्राउट मासे त्याच्या अंगाला धरून राहतात. ती सापडायला दोन खुणा जुळाव्या लागतात. बेटावरच्या दुभंगलेल्या खडकामागे पाण्याची टाकी दिसली पाहिजे, आणि हेल्मीच्या वाफेच्या न्हाणीचे धुराडे बरोबर चर्चच्या कळसाखाली आले पाहिजे. हेल्मी म्हणजे व्हेइक्कोंची धाकटी बहीण. माझी नणंद आणि शेजारीण, दोन्ही एकाच जन्मात.

खुणा जुळल्या की एकाने वल्ही मारत होडी तिथल्या तिथे धरायची, म्हणजे दोरी सरळ खाली जाते. दुसऱ्याने गळ तळाला टेकवायचा, हातभर उचलायचा, सोडायचा. लागलेला मासा वर येताना पोटातली हवा सोडतो, त्यामुळे त्याच्या आधी बुडबुडे पोचतात. हे काम एकट्याचे नव्हे. वल्ही सोडली की होडी वाहते, आणि वल्ही धरली तर गळ कोण हलवणार? मी एकटीने एकदा करून पाहिले आहे. दोरी तिरकी गेली आणि मी हात हलवत परत आले.

व्हेइक्कोंच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते गळावर होते, मी वल्ह्यांवर आणि हेल्मी जाळे घेऊन मध्ये. बुडबुडे आले ते ताटाएवढे. मग तो वर आला. एवढा ट्राउट मी जन्मात पाहिला नव्हता. मासा जाळ्यात डोक्याकडून घ्यायचा, हे आमच्याकडची पोरे चालायच्या आधी शिकतात. हेल्मीने जाळे शेपटीकडून घातले. शेपटीला ते लागले मात्र, त्याने उसळी मारली आणि दोरी तुटली. व्हेइक्को म्हणाले, "गेला," आणि डब्यातला वेलदोड्याचा पाव काढून खाऊ लागले.

त्याच हिवाळ्यात तेही गेले. ते रागावले नव्हते, म्हणून त्यांच्या वाटचा रागही मलाच धरावा लागला. आज अकरा उन्हाळे झाले, मी हेल्मीशी बोललेले नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली मी. तीही काही कमी नाही. एकदा कुंपणावरून ओरडली होती, "धुराडं पाडून टाकीन, मग शोधत बस तुझी टेकडी!"

तरीही होडी हेल्मीलाच द्यावी. त्या खुणा आता जगात आम्हा दोघींनाच जुळवता येतात, आणि ती टेकडी माझ्याबरोबर मरावी हे मला सोसत नाही. अट एकच. धुराडे पाडू नये.

कलम ५. जाळे रेइनोला. ते कोणत्याही परिस्थितीत हेल्मीच्या हाती देऊ नये.

येथे मृत्युपत्र संपायचे होते. दुसरे साक्षीदार म्हणून आमच्या चर्चचे पाळक येणार होते, पण सरोवर शांत आहे असे पाहून ते मासेमारीला गेले. मी त्यांना दोष देत नाही. तेवढ्यात दार न ठोठावता हेल्मी आत आली.

"डेलची गाडी दिसली," ती म्हणाली. "म्हटलं, मेली की काय ते बघून यावं."

"अजून नाही," मी म्हटले.

"मावशी, बऱ्या आलात," डेल म्हणाला. "दोन साक्षीदार एकदमच लागतात. तेवढी सही करा, म्हणजे मी दुकान उघडतो."

साक्षीदाराने मजकूर वाचायचे कारण नसते. हेल्मीने चष्मा लावून सगळा वाचला. चौथे कलम दोनदा.

"होडी मला?"

"वाचता येतं ना?"

"आणि मी सही केली तर?"

"तर होडी गेली, मावशी," डेल म्हणाला. "माझे गळ असेच गेले."

हेल्मी खुर्चीत बसली. मग म्हणाली, "दर मे महिन्यात शिडी लावून मी ते धुराडं पांढरं करते. या वयात! ती काय मला हौस आहे?"

"मला वाटलं, मला डिवचायला करतेस."

"अगं बये, लांबून दिसावं म्हणून! आज टेकडीकडे निघशील, उद्या निघशील म्हणून खिडकीत बसून वाट बघायची, आणि तू आपली काठाकाठानं फिरून परत! पाडायचं असतं तर तेव्हाच नसतं पाडलं?"

टाइपरायटरची फीत नीट करण्याचा मी बहाणा केला. डेल छताकडे पाहत होता.

"आण तो पेन," हेल्मी म्हणाली. "तू मेल्यावर होडी घेऊन मी काय करू? वल्ही कोण मारणार, रेइनोचा पडदा?"

कलम ६. सबब हेल्मी साक्षीदार म्हणून सही करणार असल्याने कलम ४ निकामी होते. होऊ द्यावे. माझ्यामागे होडी रेइनोकडे जाईल, आणि आत्याने मागितली की त्याने मुकाट्याने द्यावी. तूर्त मी तिला होडीत पुढच्या फळीवर बसायला जागा देत आहे, आज, सह्या वाळताच. वारा पडलेला आहे. कलम ५ कायम आहे. परंतु रेइनो टोरांटोला असल्याने आजच्यापुरते जाळे दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावे लागेल, आणि होडीत दुसरे कोणी नाही.

स्थळ: कोइवुला, माझे स्वयंपाकघर
शनिवार, ६ जून २००९

सही: आइली मार्गारेटा कांगास

वरील सही आइली कांगास यांनी आम्हा दोघांसमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डेल मोरो, दुकानदार

साक्षीदार २: हेल्मी लेप्पानेन, नणंद. डोक्याकडून. कळलंय मला.