काठीवरची घंटी

१४ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. तब्येत छान असेल, गोळ्या वेळेवर घेत असाल असं धरून चालते. घेत नसाल तर तसं कळवू नका, इथे बसून मी काय करणार. आम्ही सगळे मजेत. रीतीची वाक्यं संपली, आता मुद्द्यावर येते, कारण मला अजिबात दम निघत नाहीये.

बाबा, मी मासेमारी शिकतेय! हसू नका. पुस्तकातून शिकतेय. आता हसा.

झालं असं, की ग्रंथालयात स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या कपाटाशी उभी होते. एक जाडजूड पुस्तक दिसलं, वर मासा. म्हटलं, पाककृती असतील. उघडलं तर पाककृती नाही की काही नाही, आत सगळं फ्लाय फिशिंग! ग्रंथपालबाईंनी मासा बघून ते खुशाल स्वयंपाकात ढकललेलं. उभ्या उभ्या दोन प्रकरणं वाचली आणि घरी घेऊन आले. ते संपलं, दुसरं आणलं, मग तिसरं. आता मला बघितलं की बाई विचारतात, "काय हो, लागला का मासा?" अजून पाण्याला हातही लावला नाही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू!

तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. यात गांडूळ नाही, आमिष नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून नकली माशी बनवायची आणि ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की माशाला वाटावं, आलं जेवण चालून. आणि माशी बांधणं तर माझ्या हातचा मळ! दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या बनवते, चिमटा आणि भिंग हाताला चिकटलेलेच. पहिली माशी मी जेवणाच्या सुट्टीत माझ्याच टेबलावर बांधली, ह्यांच्या उशीतली पिसं चोरून. परवा साहेब एक कवळी उजेडात धरून म्हणाले, "यात हे पीस कुठून आलं?" म्हटलं, "सर, आज वारा फार आहे."

जुन्या बाजारातून एक लांब, लवचीक काठी आणलीय. गच्चीवर दोरी फेकायचा सराव करते. गळ नाही लावत, लोकरीचा गोंडा लावते, पुस्तकात तसंच सांगितलंय. आतापर्यंत शेजारीणबाईंचा वाळत घातलेला टॉवेल लागलाय. ओढ चांगली होती त्याला.

पण खरी गंमत पुढेच आहे. तिसऱ्या पुस्तकात लिहिलंय, की काठावर बोललेलं माशांना ऐकूच जात नाही! आवाज पाण्याच्या वरच्या वर परत फिरतो. त्यांना कळतात ती पावलं. धपधप चाललं की पळाले. मी ते वाक्य ह्यांना वाचून दाखवलं, पुन्हा स्वतःशी वाचलं, आणि मग एकटीच स्वयंपाकघरात जाऊन बसले. दर रविवारी तुम्ही दादाला घेऊन नदीवर जायचात आणि मला दारातूनच सांगायचात, "तू नको, रेडिओ. तुझ्या बडबडीने मासे पळतात." आणि दादा? त्याची पावलं आठवा! तो जिना उतरला की मांडणीवरची भांडी वाजायची. मला फार वाईट वाटायचं, बाबा. अजून वाटतं. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

असो. दादाचा फोन आला होता. म्हणाला, तुम्ही काठ्या देऊन टाकायला काढल्यात. का, ते तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, पण त्याने बघितलंय. काठीच्या टोकावरची घंटी वाजत होती, मासा दोरी ओढत होता, आणि तुम्ही शेजारी बसून भलतीकडेच बघत होतात. त्या दिवसानंतर तुम्ही नदीवर गेला नाहीत. आई गेल्यापासून तेवढंच तर तुमचं बाहेर पडणं होतं. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात टाकलंय, फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. त्या विषयाला आम्ही सगळेच वळसा घालतो. इतका वेळ मीही तेच केलं.

तर सांगते, बाबा. माशीला घंटी लागतच नाही! ती डोळ्यांनी बघायची असते. पाण्यावर तरंगते, मासा वर येतो, माशी गडप झाली की काठी उचलायची. आणि तुम्ही तर अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता. माशांना ऐकू येत नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. आता माझ्या बडबडीने कुणाचं काय बिघडणार आहे? काठ्या देऊ नका. मला घेऊन चला.

सोबत माश्यांची डबी पाठवतेय. तपकिरी आहे ती सगळ्यात चांगली जमलीय.

अजून दारात उभी असलेली,
तुमची रेडिओ


२० मार्च

प्रिय रेडिओ,

पत्र मिळालं. गोळ्या घेतो. तपकिरी माशी बरी आहे, बाकीच्या बघून मासे हसतील.

बोललेलं माशांना ऐकू जात नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी खोटं बोललो. तुझी आई म्हणायची, तुम्ही दोघं गेलात की घर खायला उठतं, हिला तरी ठेवून जा. तुझ्या बोलण्यात तिचा रविवार निघून जायचा. तुला हे सरळ सांगायला हवं होतं, पण तेव्हा सुचलं नाही. आता तेच घर मला खायला उठतं, तेव्हा तिचं म्हणणं कळतं.

काठ्या पुसून ठेवल्यात. घंट्या काढून टाकल्या.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. किती मोठ्याने, ते मला कुठे कळतंय! शेजारचे मास्तर धावत आले, खुणेने विचारायला लागले, घरात कोण आलंय. मी म्हटलं, "मुलगी आलीय."

तेव्हा रविवारी ये. बूट मऊ तळाचे घाल. तुझ्यावरून एकदा खोटं बोललो तेवढं पुरे, हे दुसरं तेवढं खरं कर.

दार उघडं ठेवून,
तुझा बाबा