ही वही जपाची नव्हे

चि. समीक्षा हिला झुंबरमावशीचे भरपूर आशीर्वाद, आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार (हे पत्र त्यांच्या हाती पडणार नाही एवढं बघ, मग नमस्कार तोंडीच सांग). तुझा खोकला एव्हाना गेला असेल. नसेल तर कोमट पाणी पी. बुलढाण्याची हवा तुम्हा लोकांना गार वाटत नाही, म्हणूनच ती बाधते. इकडे आम्ही खुशाल आहोत. घरात फोन असताना मावशीने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. माझा फोन राजकुमार लावून देतो, लावला की स्पीकरवर टाकतो आणि समोर बसून माझ्याऐवजी उत्तरंही तोच देतो. आईची काळजी म्हणून करतो, मुलगा गुणाचा आहे, पण मला तोंड आहे हे त्याच्या लक्षात राहत नाही. पत्रातल्या ओळी चढावर गेल्यासारख्या दिसल्या तर पाटाला दोष दे. पाट डुगडुगतो.

तर विषय असा की दिवाळीत तू मला तुझी ती ठिपक्यांची वही दाखवलीस आणि माझ्या डोक्यात भुंगा सोडून गेलीस. पस्तीस वर्षं अंगणवाडीत मी रजिस्टरं भरली. वजनाचं वेगळं, लसीचं वेगळं, खिचडीचं वेगळं, आणि सगळ्यांचे रकाने वरून आखून आलेले. कुण्या साहेबाने पाडलेल्या रकान्यात मी दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिली (खरी लिहिली, हेही इथे नमूद करते). आणि पासष्टी गाठल्यावर मला कळतं की जगात अशीही वही असते जिला रेघच नाही, नुसते ठिपके, रकाना आपला आपण पाडायचा! कामापुढे एक टिंब, काम झालं की फुली, राहिलं तर पुढच्या महिन्याकडे एक बाण. त्या बाणावर तर माझा जीवच जडला. आमच्या खात्यात राहिलेल्या कामाला बाण नव्हता, मेमो होता.

मला काय लिहायचं आहे तेही सांगते, म्हणजे म्हातारीला खूळ लागलं असं तुला वाटायला नको. विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत शेवंती लावायची, माझ्या मनाच्या ओळींनी. सूनबाईची, अश्विनीची स्कूटी शिकायची. आणि लोणारला जायचं. हसू नकोस! जन्म याच जिल्ह्यात गेला, कुठकुठची माणसं येऊन ते सरोवर बघून गेली, आणि मी मात्र दर वर्षी कुणीतरी आजारी आहे म्हणून घरी. काठावरून नाही, मला पार खाली उतरून बघायचं आहे.

या कामासाठी मी देऊळगाव राजाला अर्जुनरावांच्या दुकानात गेले. त्यांनी एकेरी दाखवली, दुरेघी दाखवली, चौकटीची दाखवली. मी म्हटलं, ठिपक्यांची. यावर त्यांचा चेहरा एकदम भाविक झाला. आत गेले, हात धुऊन आले आणि कपाळाला लावून एक वही माझ्यापुढे ठेवली: लिखित नामजपाची! एका ठिपक्यावर एक नाव. "आमच्या आईनं दोन लाख लिव्हले मावशी, लई शांत वाटते." अग, मला शांत वाटायला नको आहे! माझ्या निरोप समारंभातही शाल, नारळ आणि जपाचीच वही दिली होती. बाई पासष्टची झाली आणि तिने वही मागितली, तर ती रामाशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल लिहीलच कशी? मी म्हटलं, अर्जुनराव, देवाला माझं नाव ठाऊक आहे, मला माझी कामं लिहायची आहेत. ते दुखावले, पण जालन्याहून मागवतो म्हणाले.

मागवलेली पहिली वही मी घरी आणून उघडली तर कोरी. तडक परत नेली. दुसरी आली, तीही कोरी. दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना ऐकवलं की सेविकेला फसवू नका, मी खिचडीतला खडा हाताने ओळखलेला आहे. त्यांनी वही दुकानाच्या दारात, भर उन्हात धरली. "हे काय मावशी, ठिपकेच तं हायेत!" गिऱ्हाइकंही त्यांच्याच बाजूने बोलू लागली (एकीने तर रांगोळीची वही का, असं विचारून घेतलं). मी डोळे बारीक करून पाहिलं आणि स्पष्ट मत दिलं की कंपनीने शाईत कंजुषी केली आहे. बाकी वही मात्र मी पारखून घेतली हो. मांडीवर उघडी ठेवली तर मिटत नाही, जाड कागद, शाई मागे फुटत नाही, पानांना आकडे आहेत, खुणेला लाल फीत आहे. तू सांगितलेलं सगळं तपासलं.

घरी आल्यावर मी पाय धुवायला गेले तेवढ्यात अश्विनीने वहीच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून ती देवघरात ठेवली. "आई, देवापाशी ठिवली बरं तुमची वही." पोरीचा भाव चांगला, पण आता अंघोळ केल्याशिवाय मला माझ्याच वहीला हात लावता येईना, आणि देवापुढून उचलली तर पाप! तीन दिवस शेजारणी येऊन किती लाखांचा संकल्प सोडला म्हणून विचारत होत्या. चौथ्या दिवशी मी सरळ देवघरात हात घातला आणि वही उचलली. राजकुमार चहा पीत होता. "आई, काऊन उचलली? आता तुले काय ठरवाचं राह्यलं?" समीक्षा, हे वाक्य मला लागलं. तो प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, बाबू, तू ठरवायचं सोडशील त्या दिवशी मला विचार. आणि वही ट्रंकेत घालून किल्ली कमरेला लावली. आता तिच्यात शेवंतीच्या ओळी आहेत, स्कूटी आहे, लोणार आहे, आणि राम कुठेही नाही. अश्विनी म्हणते माझे रकाने तिरपे जातात. जाऊ देत. माझे आहेत.

घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि उत्तर पत्रानेच दे, फोन करशील तर राजकुमारशी बोलावं लागेल.

तुझी,
न वाकलेली झुंबरमावशी

ता. क. शेवंतीची रोपं तिकडे चांगली मिळत असतील तर चौकशी कर. पिवळी नको, पांढरी हवी. पांढरी मला नीट दिसते.

ता. क. दुसरा. आता लिहितेच. पाट डुगडुगत नाही. अर्जुनरावांच्या वह्या कोऱ्या नव्हत्या. भर उन्हातही मला एक ठिपका दिसला नाही; माणूस रडवेला झाला म्हणून मी हो म्हटलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, नर्सबाईंनी दिवाळीआधीच सांगितलं होतं. घरात बोलले नाही, कारण एकदा कळलं की विहिरीकडे जाणं बंद, स्कूटी बंद, लोणार तर विचारूच नको, आणि हातात माळ येईल. जपाला डोळे लागत नाहीत ना! म्हणून तू बुलढाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझं नाव लाव आणि मला न्यायला ये. राजकुमारला सांग, मावशीला नामसप्ताहाला नेते. तो स्वतः एसटीपर्यंत सोडायला येईल, वर नारळ देईल. परतल्यावर काळ्या चष्म्याचं काय सांगायचं ते मी बघते.

ता. क. तिसरा. वहीच्या पहिल्या पानावर पहिलं काम हेच आहे. टिंब बोराएवढं काढलं आहे, मला दिसेल असं. त्यापुढे चार महिने मी बाणच काढते आहे, कारण मला भीती वाटते. पाचवा बाण काढू देऊ नकोस, पोरी. लवकर ये.