झाकलेली वाटी

भिवंडी
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. कमळआत्यास,
मृणालीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे बरे आहेत. आधी माझी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात लिहिलं होतं, की कुणालच्या हळदीच्या सकाळी मी कोनला केसरीनाथकाकांच्या परसात चिंचेखाली मोजणी केली आणि एकही मेलेलं वटवाघूळ सापडलं नाही. ते खरं नाही. मी मोजणी केलीच नव्हती.

आमचं काम तुला ठाऊक आहे. प्राण्यांतून माणसांत येऊ शकणारे विषाणू साथ येण्याआधी ओळखायचे, म्हणून दर शनिवारी ठरलेल्या झाडांखाली मेलेली वटवाघळं शोधायची आणि त्यांचे नमुने घ्यायचे. जाता आलं नाही, तर तक्त्यात ‘पाहणी नाही’ असं लिहायचं.

मी शून्य लिहिलं.

मी पिवळी साडी नेसून मांडवात होते. चिंच वीस पावलांवर. हातमोजे, मास्क, पांढरा झगा पिशवीत तयार होता. कुणाल म्हणाला, “ताई, आज तेवढं ते सोंग नको हां. पाव्हणे बोलतील, नवऱ्याची बहीण वाघलांची डॉक्टर हाय!” सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. लांबूनच काकीला विचारलं, “झाडाखाली काही पडलंय का गं?”

“काय न्हाय. तू हलद लाव.”

पुढच्या शनिवारी ठकुबाई भेटली. काकांचं अंगण झाडते ती. म्हणाली, “त्या दिशी चार पडली होती, बाय. पाव्हणे यायच्या आधी मीच उचलून खाडीत टाकली. काकीलाबी म्हाईत हाय. हलदीच्या घरात मेलेल्याचं नाव काढतात का?”

“कशानं उचललीस?”

“हातानं. मग काय चिमट्यानं?”

हळदीच्या घरात असं बोलत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही, आत्या. माहीत असूनच मी विचारलं असेल का?

त्या चारांपैकी एकाचाही नमुना आता मिळणार नाही. कदाचित विजेच्या तारेला चिकटून मेली असतील. पण हात लावलेल्या माणसावर एकवीस दिवस लक्ष ठेवायचं, असा आमचा नियम आहे. मी ठेवतेय, चोरून. रोज पडघ्याला कामावर जायच्या आधी उलट्या दिशेला कोनला जाते आणि काहीतरी निमित्त काढून ठकुबाईच्या कपाळाला हात लावते. काल ती म्हणाली, “काय गं, माज्यावर जीव जडला का तुजा?” ताप नाही. पण मी हात का लावते, ते तिला सांगितलेलं नाही. तिच्या घरात दीड वर्षाची नात आहे.

१ मार्चला एकवीस दिवस पुरे होतात. तोवर ती धडधाकट राहिली, तर कुणालाच काही सांगावं लागणार नाही, असा हिशेब मी पाच दिवस करत होते. सांगितलं तर काका चिंच तोडतील, घरात नवी सून आलीय, नेत्रा मॅडम मला कामावरून काढतील. सगळी कारणं मोजून झाली. त्यांत ठकुबाई कुठेच नव्हती.

तिसरीपर्यंत तूच माझी शाळा होतीस. त्याच चिंचेचे चिंचोके वाटीत घालून तू वर झाकण ठेवायचीस आणि विचारायचीस, “किती?” एकदा मी म्हटलं, “शून्य, कारण दिसत नाहीत.” तू हसली नाहीस. म्हणालीस, “झाकण उघडल्याशिवाय शून्य म्हणायचं नाही. माहीत नाही म्हण. त्यात लाज नसते.”

हे फोनवर सांगायला गेले असते, तर तू ‘जेवलीस का’ विचारलं असतंस आणि मी ‘हो’ म्हणून गप्प बसले असते. म्हणून लिहिलं. पत्र आजच पेटीत टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

आधी ठकुबाईला सांगेन, तिच्या ओट्यावर बसून. मग तिला सोबत घेऊन नेत्रा मॅडमकडे जाईन आणि ते शून्य खोडेन.

तू शिकवलेलं विसरलेली,
मृणाली

१ मार्चला नाही. उद्या, शुक्रवारी, २१ फेब्रुवारीला.